नुसती झालर?

मराठीत ‘झालर’ या शब्दाची गत फार वाईट झाली आहे. भाषणात मुद्दा नसला की आपण म्हणतो, नुसती शब्दांची झालर आहे. बातमीत तिखटमीठ घातलेलं असलं की तिला झालर लावलेली असते. म्हणजे झालर ही नसली तरी चालणारी, उगाचची, वरवरची गोष्ट, हे आपण भाषेतच ठरवून टाकलंय. आणि ती झालर खिडकीच्या पडद्यावरची, घरी शिवलेली, त्यातून जुन्या साडीची असेल तर मग विचारायलाच नको. ‘गावठी’, ‘जुनाट’, ‘कंजूषपणा’, ‘धूळ खाणारं लक्तर’... ही सगळी विशेषणं मी नगरातल्या चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतून ऐकली आहेत.

आज जे लिहितोय ते या विशेषणांविरुद्ध आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: खिडकीची झालर घरी मापून, बेतून, शिवून टांगता येणं हे एक कसब आहे. ते आपण इतक्या सहज टाकून देतोय की स्वतःच्या खिडकीचेसुद्धा आपण मालक राहिलो नाही, नुसते गिऱ्हाईक झालोय. आणि हे कसब ज्यांच्या हातात अजून आहे, त्यांची किंमत तर आपण कधी केलीच नाही.

आधी झालरीबद्दल. पडद्याच्या वर, दांडी झाकत जी आडवी चुण्यांची पट्टी येते ती झालर. काहींच्या घरी तिथे लाकडी पेटी असते, तिला पेल्मेट म्हणतात. पेल्मेट साहेबाच्या बंगल्यातून आलं, खरं आहे. पण झालर आपल्याला नवी नाही. देव्हाऱ्याला झालर, मखराला झालर, पालखीला झालर, दारावर मण्यांचं नाहीतर क्रोशाचं तोरण. पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकतात त्या झुलीचे काठ बघा. हे सगळं घराघरांतून हाताने होत आलंय. जुन्या माळवदाच्या घरांना खिडक्याच लहान, त्यांना लाकडी झडपा, म्हणून तिथे पडदा नव्हता. खिडक्या मोठ्या झाल्या, काचा आल्या, पडदे आले, आणि झालर देव्हाऱ्यावरून खिडकीवर गेली. इतका साधा प्रवास आहे.

बरं, ती नुसती शोभेची आहे का? आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पश्चिमेच्या खिडकीत दुपारी तीननंतर बसून बघा. पडदा पूर्ण ओढला तरी दांडीच्या वरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी थेट समोरच्या भिंतीवर येते. शिवाय काच तापली की काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापते, वर चढते आणि त्याच फटीतून खोलीत उतरते. पडद्यामागे एक धुरांडंच तयार होतं म्हणा ना. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या घरगुती सल्ल्यातही पडद्याचा माथा बंद असावा असं सांगतात. तिकडे काळजी थंडीची, इकडे उन्हाची, तत्त्व एकच. कापडाची झालर लाकडी पेटीइतकी घट्ट बसत नाही, त्यामुळे हवा ती पूर्ण अडवत नाही. पण उन्हाची ती पट्टी नक्की अडवते, आणि दांडी, कड्या, गंजलेली स्प्रिंगची तार हे सगळं झाकते. एका पट्टीकडून आणखी काय हवं?

आता कसबाबद्दल. ‘त्यात काय आहे, सरळ शिलाई तर मारायची’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा हिशोब मुद्दाम देतो.

खिडकी चार फुटी, म्हणजे ४८ इंच. दांडी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर हवी, नाहीतर पडदा सरकवला तरी काचेवरच राहतो. झाले ६० इंच. झालरीला चुण्या पडायच्या तर कापड दांडीच्या पावणेदोन पट लागतं: १०५ इंच. दोन्ही कडांना दीड-दीड इंच दुमड धरली की १०८. आता सहावारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. बरोबर निम्मं! एका काठातून दोन खिडक्या. साडीला काठ दोन, म्हणजे एका साडीत चार खिडक्या, अख्खं छोटं घर. नऊवारी निघाली तर सहा. (पदर निराळ्या नक्षीचा असेल तर तो तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीला लावावा, तिथे खपून जातो.)

उंचीचं गणित वेगळं. पडदा पाच फूट लांब असेल तर झालर त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी, म्हणजे १२ इंच चांगली दिसते. त्याहून लांब केली तर खिडकीने डोळ्यावर टोपी ओढल्यासारखं वाटतं. त्या १२ इंचांत वरचे दीड इंच दांडीच्या वर उभी राहणारी चुणी, त्याखाली दोन इंचांचा नेफा. दांडी एक इंच जाडीची असेल तर तिचा घेर तीन इंचांच्या थोडा वर, म्हणून नेफा सपाट मापून दोन इंच हवा. दीड ठेवलात तर दांडी आतच जाणार नाही. मागे दुमडायला हे साडेतीन इंच आणि वर अर्धा इंच आतली घडी. एकूण पट्टी १६ इंचांची कापायची. खालची कड म्हणजे साडीचा मूळ काठ, तो विणतानाच बांधलेला, त्याला शिवण लागत नाही. साडीचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास, दोन पट्ट्यांना ३२ गेले, मधले १३ उरले. त्यातून पडदे बांधायचे पट्टे निघतात. वाया काय गेलं? काही नाही.

हे गणित कुठल्या पुस्तकात शिकवलेलं मला माहीत नाही. पण फॉल-पिकोची मशीन चालवणारी कुठलीही बाई तुम्हाला ते टेप गळ्यात अडकवून, उभ्या उभ्या सांगेल. आपण त्याला गणित म्हणत नाही एवढंच.

शिवाय कापडाची पारख आहेच. साडी उजेडासमोर धरायची. जिथे विरलेली असेल तिथे धागे विरळ दिसतात, तेवढा भाग टाळायचा. जुन्या सुती साडीचा मोठा फायदा म्हणजे ती आटायची तेवढी आटलेली असते. नवं सुती कापड न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात झालर वर चढते. पातळ साडीला मांजरपाटाचं अस्तर लावलं तर चुण्या भरीव पडतात आणि उन्हाचा मारा अस्तर खातं. नेफ्याच्या दोन्ही शिलाया एका सरळ रेषेत गेल्या पाहिजेत. चुण्या शिवाव्या लागतच नाहीत, दांडी घातली की कापड आपोआप गोळा होतं, फक्त हाताने सारख्या करायच्या.

मग टांगणं. नव्या फ्लॅटमध्ये खिडकीवर काँक्रीटचं लिंटेल असतं, तिथे साधं ड्रिल नुसतं फिरत बसतं. हॅमर ड्रिल लागतं, भोकात गिट्टी ठोकायची आणि मग स्क्रू. दांडी लेव्हलमध्ये नसली तर झालर ते लगेच चव्हाट्यावर आणते, कारण तिची खालची कड खिडकीच्या चौकटीला समांतर नसली की खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी दिसतं. जुन्या दगडमातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही, तिथे चौकटीच्या लाकडातच आधार शोधावा लागतो. प्रत्येक भिंतीचा स्वभाव वेगळा, तो ओळखणं हेही कामच.

तर, ही झाली ‘नुसती झालर’.

आता आक्षेप घेऊ एकेक.

पहिला आक्षेप पैशाचा. ‘रेडिमेड इतकं स्वस्त मिळतं, कशाला कुटाणा?’ मिळतं, कबूल. सुरतेचं पॉलिएस्टर येतं, झगमगीत असतं, इस्त्री लागत नाही, आणि उन्हात सुतापेक्षा जास्त टिकतं हेही मान्य. पण ते तुमच्या खिडकीचं नसतं. ते कारखान्याने ठरवलेल्या खिडकीचं असतं. तुमची खिडकी साडेतीन फुटी असली तर ते लोंबतं, पाच फुटी असली तर पुरत नाही. मग आपण काय करतो? तसंच लावतो. माप आपलं असूनही आपणच जमवून घेतो! कुठल्याही घरात जा, दोन फूट जास्तीचा पडदा जमिनीवर लोळतोय आणि त्याला साधी दुमड घालायला घरात कुणाला येत नाही, हे दृश्य दिसेल. स्वस्ताई ती हीच का? दुमड घालता न येणं ही मला गरिबी वाटते, मग घरात कितीही इंची टीव्ही असो.

दुसरा आक्षेप अभिरुचीचा. ‘आता झालरी कोण लावतं? प्लेन हवं, मिनिमल हवं.’ ज्याला प्लेन आवडतं त्याने प्लेन लावावं, माझं काही म्हणणं नाही. धूळ बसते हेही खरं, नगरला तर जरा जास्तच. म्हणून तर नेफ्याची झालर करायची. दांडी काढली की दोन मिनिटांत उतरते, पाडव्याला आणि दिवाळीला धुवायची. पण गंमत अशी की ज्या घरात आजीची गोधडी माळ्यावर टाकलेली असते, त्याच घरातली मंडळी पुण्याच्या प्रदर्शनात ‘हँडमेड क्विल्ट’ म्हणून तीच गोधडी काही हजारांना घेऊन येतात. तोच धावदोरा, त्याच जुन्या साड्या. फरक एवढाच की एकीवर किंमतीचं लेबल आहे आणि दुसरीवर नाही. आपल्याला हाताच्या कामाचा तिटकारा नाहीच मुळी. आपल्याला तिटकारा आहे तो आपल्याच घरातल्या हाताचा.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो घेणाऱ्या मैत्रिणींबद्दल मला आदर आहे. त्या म्हणतात, ‘झालं, पुन्हा बाईला मशीनला जुंपा! घरच्या शिवणकामाचं कौतुक म्हणजे फुकटच्या राबण्याचं कौतुक.’ हा मुद्दा हवेतला नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावरची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली आणि ते करणाऱ्या पुरुषांची ८८. त्या २८९ मध्ये आणखी झालर घालायची का? तर नाही. अजिबात नाही.

पण यावरचा उपाय शिवणकाम बंद करणं हा कसा? उपाय म्हणजे ते वाटून घेणं, आणि बाहेरून करून घेतलं तर पूर्ण दाम देणं. मी शिवतो. हो, मी पुरुष आहे आणि आमच्या घरच्या पडद्यांच्या नेफ्याच्या शिलाया माझ्या आहेत. याचं लोकांना इतकं नवल का वाटतं ते मला कळत नाही. बाजारात पँट-शर्ट शिवणारा शिंपी बहुतेक वेळा पुरुषच असतो की. संत नामदेव शिंपी समाजातले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची जी पदं आहेत त्यांतल्या एकात तर मनाचा गज आणि जिभेची कात्री केली आहे. म्हणजे दुकानात बसून पैसे घेऊन शिवलं तर तो पुरुषाचा धंदा, आणि घरात बसून फुकट शिवलं तर ती बायकांची आवड! सुई तीच आहे. बदलते ती मजुरी. शाळेतही तेच. कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिवण आणि मुलांना दुसरं काहीतरी, ही वाटणी आपल्यातल्या कितीजणांनी भोगली असेल! १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं तेव्हा त्यात मुलगा-मुलगी अशी फाळणी नव्हती. ती आपण नंतर घातली.

आता थोडं आपल्या जिल्ह्याबद्दल, कारण हा विषय नगरकरांनी तर अजिबात हसण्यावारी नेऊ नये.

१८८४ साली निघालेलं जिल्ह्याचं गॅझेटियर उघडा. नगर शहरातल्या हातमागांची आणि लुगडी विणण्याच्या धंद्याची त्यात सविस्तर नोंद आहे. तेलंगणातून आलेली पद्मशाली मंडळी इथे रुजली ती मागामुळेच. पुढे माग थंडावले. कापडबाजार राहिला, पण तो दुसरीकडच्या कापडाचा. हे सगळं थांबवणं तुमच्या-माझ्या हातात नव्हतं, मान्य. पण २०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं. त्यांचा जन्म १७२५ चा, आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. या बाईंनी महेश्वरला राजधानी केली तेव्हा बाहेरून विणकर आणून वसवले, त्यांना काम दिलं, आणि त्यातून महेश्वरी साडी उभी राहिली. मधल्या काळात तो धंदा खालावला, तर १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्याच माणसांनी पुढाकार घेऊन महेश्वरला माग पुन्हा चालते केले. आज ती साडी देशभर जाते. अहिल्यादेवींचं नाव आपण पाटीवर लावलं, कमानीवर लावलं, पत्त्यात लिहायला लागलो. त्यांनी विणकरांना दिलं होतं ते काम! आपण आपल्या गल्लीतल्या शिवणाऱ्या बाईला ते देतो का?

सरकार काही करत नाही असंही नाही. २०२३ च्या सप्टेंबरात पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. शिवाय पुढाऱ्यांचे शिलाई मशीन वाटपाचे कार्यक्रम तर बारमाही. फोटो येतात, मशीनला हार, बाईच्या हातात प्रमाणपत्र. पण मशीन दिल्यावर तिने शिवायचं काय? ब्लाउज आणि फॉल-पिको. बाकी झालर, पडदे, उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी हे सगळं आपण मोबाइलवर मागवतो. म्हणजे एका हाताने मशीन द्यायची आणि दुसऱ्या हाताने काम काढून घ्यायचं. मग ती मशीन वर्षभरात कपड्याखाली झाकून कोपऱ्यात जाते आणि आपण म्हणतो, बायकांना चिकाटी नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घरात जपलं. लोकांना आधी ते वेडच वाटलं असणार. २०२० ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मग सगळ्यांना कळलं की संकरित बियाण्याच्या पिशव्यांच्या काळात घरची मूठभर वाल-घेवड्याची बी सांभाळणं हे केवढं मोठं काम आहे. मला कापडाचंही तसंच वाटतं. झालर काही पोट भरत नाही, तुलना तेवढ्यापुरतीच. पण बी काय किंवा बेतण्याचं कसब काय, ते वापरात असेल तरच जिवंत राहतं. एक पिढी मध्ये गळली की पुढच्या पिढीला ते विकतच घ्यावं लागतं, आणि तेही विकणाऱ्याच्या मापाने.

म्हणून सांगणं सोपं आहे. कपाटातली एक सुती साडी काढा, जी कुणी नेसणार नाही आणि कुणाला द्यायलाही मन होत नाही. घरात मशीन असेल तर तिच्यावरचं कापड उचला, तेल घाला. घरातल्या मुलाला टेप धरायला बसवा, मुलगी असेल तर तिच्या हाती ड्रिल द्या. वेळ नसेल, येत नसेल, तर ‘फॉल-पिको करून मिळेल’ अशी पाटी तुमच्या गल्लीत असेलच. तिथे साडी नेऊन द्या, वरची मापं सांगा आणि ती बाई जी मजुरी सांगेल ती घासाघीस न करता द्या. आणि ताई, मावशी, तुम्ही शिवत असाल तर ‘द्या काय ते’ म्हणू नका. इंच मोजता तशी मजुरीही मोजून सांगा.

हे करून तुमची खिडकी एखाद्या मासिकातल्यासारखी दिसणार नाही. ती तुमच्या खिडकीसारखी दिसेल, तिच्याच मापाची. पश्चिमेचं ऊन थोडं अडेल, आणि साडीचा काठ आणखी दहा वर्षं वाऱ्यावर हलेल.